भाड्याच्या जहाजाने ध्रुवाकडे

जून २०२५च्या सुरुवातीला ऑस्लोहून एक बातमी आली आणि दोन दिवसांत विरून गेली. कोलकात्याच्या गार्डन रीच शिपबिल्डर्सने नॉर्वेच्या कोंग्सबर्ग कंपनीशी सामंजस्य करार केला होता. भारताचं पहिलं ध्रुवीय संशोधन जहाज देशातच बांधायचं, हा त्या कराराचा विषय. मुंबईच्या बॅलार्ड इस्टेटमधल्या एखाद्या शिपिंग कचेरीत ही बातमी वाचून दाखवली, तर समोरच्याचा प्रश्न ठरलेला: पहिलं? मग चाळीस वर्षं अंटार्क्टिकाला जातोय ते कशाने?

उत्तर त्याच्याच धंद्यातलं आहे. चार्टरवर.

चार्टर म्हणजे काय हे त्या कचेरीत कुणाला समजावून सांगावं लागत नाही. जहाजाचं रोजचं भाडं, म्हणजे ‘हायर’, ठरतं, आणि मग जहाज चालो वा नांगर टाकून पडून राहो, बिल वाढतच राहतं. कोळसा, गहू न्यायचा तर या पद्धतीत काहीच वावगं नाही. जगातला केवढा तरी माल असाच फिरतो. संशोधनाची गरज मात्र वेगळी आहे. ध्रुवावर जहाज लागतं ते पोचण्यासाठी, हे खरंच. पण त्याहून जास्त ते लागतं तिथे थांबण्यासाठी. बर्फफोड्या जहाजांचा दीडशे वर्षांचा इतिहास चाळला तर हे पुन्हा पुन्हा दिसतं. आपलं जहाज इतकी वर्षं का रेंगाळलं आणि ते नसल्याने काय अडलं, हेही त्यातूनच कळतं.

सुरुवात आपल्यापासूनच करू. ६ डिसेंबर १९८१ रोजी गोव्याहून ‘पोलर सर्कल’ हे नॉर्वेचं जहाज २१ भारतीयांना घेऊन निघालं. मोहिमेचे नेते डॉ. सय्यद झहूर कासिम. सगळा बेत गुपचूप आखलेला होता. ९ जानेवारी १९८२ रोजी पथकाने अंटार्क्टिकावर पाय ठेवला आणि २१ फेब्रुवारीला जहाज गोव्याला परत लागलं. एकूण ७७ दिवसांची मोहीम, आणि त्यातला प्रत्यक्ष बर्फावरचा मुक्काम साधारण दहा दिवसांचा. बाकी सगळा प्रवास. पहिल्या फेरीला हे साहजिकच होतं, कारण झेंडा रोवून आणि जागा पाहून परतायचं होतं. पण जाण्यायेण्यात गेलेले दिवस आणि कामाला मिळालेले दिवस यांचं हे व्यस्त गणित पुढेही फारसं सुटलं नाही.

तिसऱ्या मोहिमेला ‘फिनपोलारिस’ हे फिनलंडचं जहाज घेतलं. नेते होते डॉ. हर्ष गुप्ता. १९८३-८४च्या त्या दक्षिणी उन्हाळ्यात लष्कराच्या तुकडीने ‘दक्षिण गंगोत्री’ हे ठाणं उभं केलं. समुद्रशास्त्रज्ञ डॉ. अदिती पंत याच मोहिमेत होत्या. जन्म नागपूरचा, पदवी पुणे विद्यापीठाची. त्या आणि भूशास्त्रज्ञ सुदीप्ता सेनगुप्ता या अंटार्क्टिकाला गेलेल्या पहिल्या दोन भारतीय महिला. ‘दक्षिण गंगोत्री’ तरंगत्या हिमपट्ट्यावर बांधलेलं असल्याने दरवर्षीच्या बर्फाखाली हळूहळू गाडलं गेलं आणि १९९०च्या सुमारास ते सोडून द्यावं लागलं. त्याच्या जागी शिर्माकर भागातल्या उघड्या खडकावर ‘मैत्री’ उभं राहिलं. ते समुद्रकाठापासून शंभरएक किलोमीटर आत. वर्षभराचं डिझेल, धान्य, औषधं, यंत्रं जहाजाने हिमपट्ट्याच्या कडेला उतरवायची आणि साखळीपट्ट्यांच्या गाड्यांचा तांडा करून आत न्यायची. जहाज आठवडाभर उशिरा लागलं की हा सगळा ताळमेळ कोलमडतो.

इथे एक फरक सांगायला हवा, कारण बातम्यांमध्ये तो सर्रास पुसला जातो. आपण भाड्याने घेतलेली बहुतेक जहाजं मालवाहू, बर्फासाठी मजबूत केलेली. शिपिंगवाले त्यांना ‘आइस क्लास’ म्हणतात. त्यांचा पत्रा जाड असतो, आतल्या फासळ्या जवळजवळ बसवलेल्या असतात आणि उन्हाळ्यात सैल झालेल्या बर्फातून ती वाट काढू शकतात. खरा आइसब्रेकर हा निराळाच प्राणी. बर्फ सैल व्हायची वाट न पाहता तो स्वतःच तो मोडतो.

तो मोडतो कसा, हे ध्यानात घेतलं की पुढचं बरंचसं आपोआप उलगडतं. आइसब्रेकर बर्फ कापत नाही. त्याची नाळ, म्हणजे पुढचं टोक, पुढे झुकलेली आणि गोलसर असते. जहाज बर्फावर चढतं आणि हजारो टनांच्या वजनाने तो खाली मोडतं. पापडाच्या कडेवर अंगठा दाबावा तसा. मोडलेले तुकडे बाजूला आणि पाण्याखाली सरकवले जातात. बर्फ फारच जाड असला तर जहाज मागे जातं, वेग घेतं, पुन्हा धडक देतं. कधी कधी दिवसभर धडका मारून चार-पाच किलोमीटरसुद्धा होत नाहीत. अडकलंच तर पोटातल्या टाक्यांमधलं पाणी एका कुशीतून दुसऱ्या कुशीत पंपाने फिरवून जहाज डोलवतात, म्हणजे पकड सुटते. बर्फावर ताज्या हिमाचा थर असला तर तो पत्र्याला धरून ठेवतो, आणि मग एरवी सहज मोडला असता असा बर्फही जड जातो.

या कल्पनेचा जन्म विज्ञानासाठी झाला नाही, धंद्यासाठी झाला. रशियाच्या क्रोनश्टाट बंदरातला व्यापारी मिखाईल ब्रिटनेव याची ‘पायलट’ नावाची आगबोट होती. हिवाळ्यात फिनलंडचं आखात गोठलं की वाहतूक बंद. १८६४मध्ये त्याने बोटीची नाळ तिरपी करून घेतली. बोट बर्फावर चढून तो मोडू लागली आणि वाहतुकीचा मोसम काही आठवड्यांनी वाढला. १८७०-७१च्या कडक हिवाळ्यात हॅम्बुर्ग बंदर गोठलं, तेव्हा जर्मनांनी हाच नमुना उचलला आणि स्वतःची बर्फफोडी बोट बांधली.

ही बंदरातली युक्ती उत्तर ध्रुवाकडे वळवली ती अॅडमिरल स्तेपान माकारोव यांनी. माकारोव नौदलाचे अधिकारी खरे, पण पिंड समुद्रशास्त्रज्ञाचा. तरुणपणी इस्तंबूलजवळच्या बॉस्फरस सामुद्रधुनीत वरचा प्रवाह एका दिशेला आणि खालचा उलट दिशेला वाहतो, हे त्यांनी मोजून दाखवलं होतं. ‘वित्याझ’ या जहाजावरून प्रशांत महासागराच्या पाण्याचं तापमान आणि घनता त्यांनी टिपली होती. ध्रुवापर्यंत बर्फ फोडत सरळ जाता येईल, असं त्यांनी १८९७मध्ये सांगितलं आणि सरकारला पटवून इंग्लंडमधल्या न्यूकॅसलच्या आर्मस्ट्राँग व्हिटवर्थ कारखान्यात ‘येर्माक’ बांधून घेतलं. १८९९मध्ये ‘येर्माक’ नॉर्वेच्या उत्तरेकडच्या स्पिट्सबर्गेन बेटाच्याही उत्तरेला ८१ अंशांच्या पुढे गेलं. तिथल्या जुन्या, जाड बर्फाने मात्र त्याची नाळ ठोकून गळती लावली. पुढच्या बाजूला बसवलेला पाणी ढकलणारा पंखा निरुपयोगी ठरला, तो काढून टाकावा लागला. ध्रुव राहिला बाजूला, जहाज दुरुस्तीला गेलं. पण तेवढ्या सफरीतही माकारोव बर्फाची जाडी मोजत होते, पाण्याचे नमुने घेत होते, जहाजावर पडणारा दाब टिपत होते. जगातला पहिला खरा ध्रुवीय आइसब्रेकर पहिल्याच वर्षी तरंगती प्रयोगशाळा झाला, तो असा. ‘येर्माक’ पुढे १९६०च्या दशकापर्यंत कामात होतं. माकारोव १९०४मध्ये रशिया-जपान युद्धात पोर्ट आर्थरजवळ गेले.

नेमक्या त्याच दशकात नॉर्वेचे ध्रुवीय शोधक फ्रिड्टयॉफ नान्सेन यांनी अगदी उलट वाट धरली होती. १८८१मध्ये सैबेरियाच्या उत्तरेला बर्फाने चिरडलेल्या ‘जानेट’ या अमेरिकी जहाजाचे अवशेष तीन वर्षांनी थेट ग्रीनलंडच्या किनाऱ्यावर सापडले. नान्सेननी ताडलं की ध्रुवावरचा बर्फ स्थिर नाही, तो वाहतो. मग त्याच्याशी झुंजायचं कशाला? कॉलिन आर्चर या जहाजबांधणीकाराकडून त्यांनी ‘फ्राम’ बांधून घेतलं. ते ३९ मीटर लांब आणि ११ मीटर रुंद, अगदी बुटकं, आणि पोट इतकं गोल की बर्फ आवळू लागला की जहाज चिरडण्याऐवजी वर उचललं जावं. १८९३मध्ये त्यांनी ते मुद्दाम बर्फात अडकवलं आणि तीन वर्षं वाहू दिलं.

समुद्रात तरंगताना ‘फ्राम’ भयंकर डोले, म्हणून त्यावरचे लोक वैतागत. पण त्या वाहण्यातून मिळालेलं विज्ञान आजही पाठ्यपुस्तकात आहे. आर्क्टिकच्या मध्यभागी उथळ समुद्र नसून तीन हजार मीटरहून खोल खोरं आहे, हे कळलं. बर्फ वाऱ्याच्या दिशेने न जाता तिच्या उजवीकडे वळून वाहतो, हे नान्सेननी रोजच्या नोंदींवरून पाहिलं, आणि त्याचं गणित पुढे स्वीडनचे समुद्रशास्त्रज्ञ वाग्न एकमन यांनी मांडलं. एकमन यांचा तो सिद्धान्त आज आपल्या पश्चिम किनाऱ्यावर पावसाळ्यात खालचं गार पाणी वर का येतं हे सांगतानाही वापरतात. आपल्या बांगड्या-तारल्यांच्या मोसमाशी त्याचा थेट संबंध आहे.

माकारोव आणि नान्सेन यांच्यात कोण बरोबर, हा वाद मला फिजूल वाटतो. विसाव्या शतकाने दोघांना एकत्र केलं: जाताना माकारोवसारखं फोडत जा, पोचल्यावर नान्सेनसारखं बर्फात उभं राहा.

मधली काही दशकं भराभर ओलांडता येतील. १९२८मध्ये ‘क्रासिन’ या सोव्हिएत आइसब्रेकरने इटलीच्या नोबिले यांच्या ध्रुवाकडे कोसळलेल्या वायुनौकेतल्या (वायू भरलेल्या प्रचंड फुग्यावर उडणाऱ्या यानातल्या) माणसांना वाचवलं. १९५९मध्ये ‘लेनिन’ हा पहिला अणुशक्तीवरचा आइसब्रेकर कामाला लागला. १७ ऑगस्ट १९७७ला ‘आर्क्तिका’ पृष्ठभागावरून उत्तर ध्रुवाला पोचलेलं पहिलं जहाज ठरलं. सप्टेंबर १९९१मध्ये स्वीडनचं ‘ओडेन’ आणि जर्मनीचं ‘पोलारस्टर्न’ साध्या डिझेल इंजिनांवर तिथे पोचले. जाता जाता एक गंमत: ‘आर्क्तिका’च्या जातीची अणुजहाजं अंटार्क्टिकाला जाऊच शकत नाहीत. त्यांची अणुभट्टी थंड समुद्राच्या पाण्याने गार होते. विषुववृत्ताजवळचं कोमट पाणी त्यांना पुरत नाही. दक्षिणेकडचं सगळं काम म्हणून डिझेलवाल्यांच्याच माथी आहे.

१९५७-५८च्या आंतरराष्ट्रीय भूभौतिक वर्षात, म्हणजे पृथ्वीचा एकत्र अभ्यास करण्याच्या जागतिक उपक्रमात, डझनभर देशांनी अंटार्क्टिकावर ठाणी उभारली, तेव्हा जहाजाची ताकद कमी पडली तर काय होतं हे जपानने अनुभवलं. त्यांचं ‘सोया’ हे जुनं जहाज डागडुजी करून पाठवलं होतं. १९५७मध्ये परतताना ते बर्फात अडकलं आणि सोव्हिएत ‘ओब’ने त्याला सोडवलं. पुढच्या वर्षी अमेरिकी आइसब्रेकर मदतीला येऊनही ते ठाण्यापर्यंत पोचू शकलं नाही. आधीच्या तुकडीला विमानाने कसंबसं उचललं, नवी तुकडी उतरलीच नाही आणि स्लेज ओढणारे १५ कुत्रे साखळीला बांधलेले तसेच मागे राहिले. १९५९च्या जानेवारीत माणसं परतली तेव्हा तारो आणि जिरो हे दोन कुत्रे जिवंत सापडले. जपानमध्ये ही गोष्ट शाळकरी मुलालाही ठाऊक असते, आणि तिथल्या सरकारने पुढे एकाहून एक दणकट आइसब्रेकर बांधले त्यामागे तिचा काही वाटा नक्कीच असावा.

आता ज्या मोहिमेवर मला जरा रेंगाळायचं आहे ती २००४ची. आर्क्टिक महासागराच्या मध्यावर, ध्रुवापासून साधारण अडीचशे किलोमीटरवर, लोमोनोसोव नावाची पाण्याखालची डोंगररांग आहे. तिच्यावर गाळाचे थर कोट्यवधी वर्षांपासून साठत आले आहेत. त्यांत भोक पाडून नमुना काढला तर उत्तर ध्रुवाचं हवामान कसकसं बदलत गेलं हे वाचता येईल, हे सगळ्यांना माहीत होतं. अडचण अशी की खोदकाम करणाऱ्या जहाजाला दिवसचे दिवस एकाच बिंदूवर उभं राहावं लागतं. खाली हजाराहून जास्त मीटर पाणी आणि त्यातून लोंबणारा खोदनळ. जहाज थोडंही भरकटलं की तो तुटणार. वरती दोन ते चार मीटर जाडीचा बर्फ अखंड सरकतोय.

तोडगा निघाला तीन जहाजांचा. खोदकाम ‘विडार वायकिंग’वर. बर्फ ज्या बाजूने येतोय त्या बाजूला सर्वांत पुढे रशियाचं अणुशक्तीवरचं ‘सोव्हियेत्स्की सोयूझ’. ते मोठमोठे तुकडे फोडणार. त्याच्या मागे ‘ओडेन’. ते त्या तुकड्यांचे आणखी बारीक तुकडे करणार. तेवढा बारीक झालेला बर्फ अंगावर घेत ‘विडार वायकिंग’ जागचं हलणार नाही. वारा फिरला, बर्फाची दिशा बदलली, की पुढच्या दोघांनी आपली जागा बदलायची. ‘ओडेन’वर बसलेला गट उपग्रहाची चित्रं आणि हेलिकॉप्टरची टेहळणी पाहून पुढच्या काही तासांत कुठून काय येणार याचा अंदाज देत होता. या सगळ्या खटाटोपातून समुद्रतळाखाली ४२८ मीटरपर्यंतचा गाळ हाती आला. त्याआधी त्या भागातून निघालेले नमुने जेमतेम काही मीटरचे होते.

त्या गाळात काय निघालं? साडेपाच कोटी वर्षांपूर्वी, पृथ्वी झपाट्याने तापली त्या काळात, उत्तर ध्रुवाजवळच्या समुद्राचं पाणी २३ अंशांच्या आसपास पोचलं होतं. आणि त्याहून वरच्या थरात, साधारण ४.९ कोटी वर्षांपूर्वीच्या, अझोलाचे अवशेष खच्चून भरलेले. अझोला म्हणजे तेच हिरवं शेवाळासारखं नेचं, जे आपल्याकडे भातखाचरात नत्रासाठी सोडतात आणि गोठ्यात दुभत्या जनावरांना पेंडीबरोबर घालतात. ते गोड्या पाण्यातच वाढतं. म्हणजे त्या काळी आर्क्टिकच्या पृष्ठभागावर बराच काळ गोडं पाणी साचलेलं असणार. रायगडातल्या शेतकऱ्याच्या टाकीत वाढणारी वनस्पती ध्रुवाच्या तळाशी सापडावी आणि ती काढायला तीन-तीन आइसब्रेकर लागावेत! ध्रुवीय संशोधनाचं माझं सर्वांत आवडतं उदाहरण हेच आहे.

बर्फात उभं राहण्याचा सर्वांत मोठा प्रयोग मात्र ‘पोलारस्टर्न’च्या नावावर आहे. हे जहाज १९८२चं, म्हणजे आपल्या पहिल्या मोहिमेच्या वयाचं. लांबी ११८ मीटर, दीड मीटर जाडीचा बर्फ न थांबता फोडत जाण्याची ताकद. आमच्या नान्सेनबाबांचीच कल्पना घेऊन ते २० सप्टेंबर २०१९ला नॉर्वेच्या ट्रॉम्सोहून निघालं, ऑक्टोबरच्या सुरुवातीला एका मोठ्या हिमखंडाला दोर बांधून इंजिनं मंदावली आणि वाहत सुटलं. मोहिमेचे प्रमुख मार्कुस रेक्स. वीस देशांचे संशोधक आळीपाळीने त्यावर राहिले. फेब्रुवारी २०२०मध्ये, ऐन काळ्याकुट्ट ध्रुवीय रात्रीत, ते ध्रुवापासून १५६ किलोमीटरवर होतं. बर्फावर वायुमापकं, पाण्याखालचे सेन्सर, हवामानाचे फुगे यांचं छोटं गावच वसलेलं. अस्वलं येतील म्हणून बंदूकधारी पहारा.

माणसं बदलायला गेलेलं ‘कापितान द्रानित्सिन’ हे जहाज हिवाळ्याच्या बर्फाशी झगडताना इतकं इंधन जाळून बसलं की परतताना त्यालाच इंधन द्यायला दुसरा आइसब्रेकर धाडावा लागला. त्याचं नाव ‘अॅडमिरल माकारोव’. मग कोरोना आला, विमानं बंद झाली, आणि मे महिन्यात ‘पोलारस्टर्न’ला हिमखंड तात्पुरता सोडून स्पिट्सबर्गेनजवळ येऊन माणसांची अदलाबदल करावी लागली. ऑक्टोबर २०२०मध्ये ते ब्रेमरहाफेनला परतलं. खर्च १४ कोटी युरोंहून जास्त. आकडा ऐकून डोळे फिरतात खरे, पण हिवाळ्यातल्या मध्य आर्क्टिकची वर्षभराची सलग मोजमापं आधुनिक उपकरणांनी त्याआधी कुणीच घेतलेली नव्हती, आणि हवामानाच्या प्रारूपांमधला तो खड्डा सगळ्यांना खुपत होता.

उलट बाजूही सांगायला हवी. डिसेंबर २०१३मध्ये ‘अकादेमिक शोकाल्स्की’ हे आइस क्लासचं रशियन जहाज अंटार्क्टिकाजवळ वाऱ्याने ढकललेल्या बर्फात अडकलं. सुटकेला चीनचं ‘श्वे लोंग’ आणि ऑस्ट्रेलियाचं ‘ऑरोरा ऑस्ट्रालिस’ आपापली कामं टाकून धावले. ‘श्वे लोंग’च्या हेलिकॉप्टरने ५२ प्रवाशांना उचलून ऑस्ट्रेलियाच्या जहाजावर नेलं, आणि मग ‘श्वे लोंग’ स्वतःच अडकून बसलं. शेवटी वारा फिरला, बर्फ सैल झाला आणि दोन्ही जहाजं आपली आपण सुटली. पण त्या गोंधळात इतर देशांच्या संशोधनाचे ऐन मोसमातले दिवस वाया गेले. चीनने त्यानंतर शांघायला ‘श्वे लोंग २’ बांधलं, जे पुढच्या आणि मागच्या दोन्ही बाजूंनी बर्फ फोडतं. २०१९पासून ते सेवेत आहे.

असाच प्रसंग आपल्याला आणखी जवळचा आहे. २००२च्या जूनमध्ये ‘माग्दालेना ओल्डेनडॉर्फ’ हे जहाज रशियन संशोधकांना घेऊन परतताना अंटार्क्टिकाच्या हिवाळी बर्फात अडकलं. त्यावर शंभराहून जास्त माणसं होती. दक्षिण आफ्रिकेच्या ‘अगुल्हास’ने हेलिकॉप्टरने बहुतेकांना काढलं, अर्जेंटिनाचा आइसब्रेकर मदतीला गेला, आणि जहाजाने काही खलाशांसह तिथेच हिवाळा काढला. हेच जहाज भारताच्या मोहिमांनीही भाड्याने वापरलेलं होतं.

भारताकडे स्वतःची समुद्र-संशोधन जहाजं आहेत. ‘सागर कन्या’ १९८०च्या दशकापासून, आणि इटलीत बांधलेलं ‘सागर निधी’, ज्याचा सांगाडा थोड्याफार बर्फाला तोंड देईल असा आहे. पण ती बर्फ फोडू शकत नाहीत. २०१२मध्ये अंटार्क्टिकावरच्या लार्समन टेकड्यांवर ‘भारती’ हे ठाणं उभं राहिलं तेही भाड्याच्या जहाजांच्या भरवशावर. ‘भारती’ची इमारत १३४ कंटेनर जोडून केलेली आहे; न्हावा-शेव्याला रोज रचलेले दिसतात तसलेच कंटेनर, आत खोल्या, प्रयोगशाळा, वीजघर, आणि बाहेरून धातूचं आवरण. उत्तरेकडेही तीच तऱ्हा. २००८मध्ये स्पिट्सबर्गेनवर ‘हिमाद्री’ ठाणं सुरू झालं, आणि २०१४मध्ये तिथल्या खाडीत आपलं पहिलं निरीक्षण-साधन १९२ मीटर खोल पाण्यात सोडलं तेव्हा जहाज होतं नॉर्वेचं, ‘लान्स’.

खाडीपर्यंत ठीक. पण मोसमी पावसाच्या दृष्टीने ज्या पाण्यांत रस आहे, ती आणखी पलीकडे आहेत. रशियाच्या उत्तरेच्या कारा समुद्रात उन्हाळ्यात बर्फ कमी राहिला की मोसमाच्या शेवटी मध्य भारतात अतिवृष्टीचे प्रसंग वाढतात, असा संबंध भारतीय संशोधकांनी २०२१मध्ये मांडला. हा सांख्यिकीचा आणि प्रारूपांचा निष्कर्ष आहे. त्यामागची साखळी प्रत्यक्ष मोजायची तर त्या समुद्रांत उपकरणं घेऊन जावं लागेल.

मुंबईत बसून हे सगळं दूरचं वाटू शकतं, पण शहराचे धागे यात बरेच आहेत. कुलाब्याच्या वेधशाळेत एकोणिसाव्या शतकापासून पृथ्वीच्या चुंबकत्वाची नोंद होत होती. १८५९च्या प्रचंड सौरवादळाची कुलाब्याची नोंद जगभर अभ्यासली जाते. विजेच्या ट्राम येणार म्हणून १९०४मध्ये हे काम अलिबागला हलवलं. त्याच परंपरेतली, आज नव्या पनवेलला असलेली भारतीय भूचुंबकत्व संस्था ‘मैत्री’वर चुंबकीय निरीक्षणं घेते, कारण सूर्याकडून येणारे कण ध्रुवाजवळच खाली उतरतात. तिथलं एखादं उपकरण बिघडलं आणि सुटा भाग ठाण्यावर नसला, तर पुढच्या जहाजाची वाट पाहणं आलं.

पवईची इंडियन रजिस्टर ऑफ शिपिंग ही जहाजांची बांधणी तपासून त्यांना वर्ग देणारी संस्था जगातल्या ज्या संघटनेची सभासद आहे, तिनेच ध्रुवीय जहाजांचे सात वर्ग ठरवले आहेत: पहिल्या वर्गाचं जहाज बारा महिने कुठल्याही ध्रुवीय पाण्यात, सातव्या वर्गाचं फक्त उन्हाळ्यात आणि पातळ बर्फात. १ जानेवारी २०१७पासून लागू झालेल्या ध्रुवीय संहितेमुळे, म्हणजे ध्रुवीय पाण्यांतल्या जहाजांसाठीच्या आंतरराष्ट्रीय नियमांमुळे, त्या पाण्यांत जाणाऱ्या अधिकाऱ्यांना वेगळं प्रशिक्षण बंधनकारक झालं. भारतीय खलाशांची प्रमाणपत्रं देणारं नौवहन महासंचालनालय मुंबईतच. कोकणात घराघरांत कुणीतरी ‘बोटीवर’ असतं. बर्फातल्या बोटीवर असणारे मात्र अजून हाताच्या बोटांवर मोजण्याइतके असतील.

स्वतःच्या जहाजाचा विषय दिल्लीत पहिल्यांदा नीट हलला तो २०१४मध्ये. मंत्रिमंडळाने सुमारे १,०५१ कोटी रुपये मंजूर केले. निविदा निघाली, पण बांधणाऱ्या कंपनीने निविदेत नसलेल्या अटी पुढे केल्या आणि प्रकरण बारगळलं. २०२३मध्ये भूविज्ञान मंत्र्यांनी राज्यसभेत सांगितलं की नवा प्रस्ताव २,६०० कोटींच्या घरातला असेल. नऊ वर्षांत अंदाज अडीचपट. मग आला २०२५चा ऑस्लोचा करार. सामंजस्य करार म्हणजे ऑर्डर नव्हे, हे बॅलार्ड इस्टेटच्या माणसाला सांगायची गरज नाही.

अशा जहाजाच्या नकाशातच काही भांडणं दडलेली असतात. बर्फावर चढण्यासाठी पोट गोल हवं, पण चाळीस अंश दक्षिणेच्या पलीकडच्या खवळलेल्या समुद्रात गोल पोटाचं जहाज एवढं डोलतं की प्रयोगशाळेत परीक्षानळी हातात टिकत नाही. बर्फ फोडताना नाळेखालून बुडबुडे मागे वाहतात आणि तळावर बसवलेल्या ध्वनिमापकांना बहिरं करतात. म्हणून ब्रिटनच्या ‘सर डेव्हिड अॅटनबरो’सारख्या नव्या जहाजांत बुडबुडे बाजूला वळतील असा तळाचा आकार आणि आवाज कमी राहील अशी यंत्रणा मुद्दाम आखली गेली. ऑस्ट्रेलियाच्या ‘नुयिना’च्या पोटात समुद्रात उघडणारी विहीर आहे, तिच्यातून बर्फातही उपकरणं खाली सोडता येतात. एवढं सुंदर जहाज, पण होबार्टमध्ये इंधन भरायच्या धक्क्याकडे जाताना वाटेतल्या पुलाखालून न्यायची परवानगी मिळाली नाही! भारताच्या जहाजाला आणखी एक जादा अट आहे. त्याला एकाच फेरीत अरबी समुद्राचं तीस अंशांचं पाणी आणि ध्रुवाचं गोठणारं पाणी, दोन्ही सोसायचं आहे. इंजिन गार करणं, पत्र्याचं पोलाद, केबिनची हवा, सगळं या दोन टोकांच्या मध्ये बसवावं लागेल.

‘पोलारस्टर्न’ वर्षातले तीनशेहून अधिक दिवस समुद्रावर असतं: उत्तरेच्या उन्हाळ्यात उत्तरेला, दक्षिणेच्या उन्हाळ्यात दक्षिणेला. मोठा खर्च पचवायचा तर आपल्या जहाजालाही असंच राबावं लागेल. त्यातही ‘मैत्री’ आणि ‘भारती’ला रसद पोचवण्याचं काम याच जहाजाच्या गळ्यात टाकलं, तर ते पुन्हा मालवाहू बोट होऊन बसेल आणि संशोधकांच्या वाट्याला उरलेसुरले दिवस येतील. तेव्हा गार्डन रीचच्या टेबलावर इंजिन आणि क्रेनच्या आधी एका आकड्यावर वाद व्हायला हवा: वर्षातले किती दिवस हे जहाज इंजिन मंद ठेवून एकाच ठिकाणी बर्फात उभं राहणार, आणि त्या दिवसांचं डिझेल कुठल्या खात्याच्या अंदाजपत्रकातून येणार.